एसावाचे अश्रू आणि बन्यनचा तराजू

वर्षअखेरच्या उपासनेत अथवा उपवासकाळाच्या आरंभी आमच्या व्यासपीठांवरून जी प्रवचने हटकून ऐकू येतात, त्यांत एसावावरचे एक असतेच. त्याचा साचा बहुधा ठरलेला असतो. प्रथम मसुरीच्या वरणाचे रसभरित वर्णन येते. मग ज्येष्ठत्वाच्या हक्काचे मोल सांगितले जाते. आणि शेवटी इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायातील सतरावे वचन वाचून, एकदा गमावलेला आशीर्वाद अश्रू ढाळूनही परत मिळत नाही, असा इशारा देऊन उपदेशक खाली बसतो. श्रोते गंभीर मुद्रेने घरी जातात. त्यांतील बहुतेकांस दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. ज्यांना आठवते ते मात्र नेमके तेच असतात, ज्यांना तो इशारा मुळात उद्देशूनच नव्हता. म्हणजे ज्यांच्या मनात आपण काहीतरी कायमचे घालवून बसलो ही खंत आधीच घर करून आहे.

या वचनाने एका माणसाला काय केले याचा सविस्तर वृत्तांत उपलब्ध आहे, आणि तो माणूस आमच्या वाचकांस परका नाही. जॉन बन्यनचा ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ हा ग्रंथ हरि केशवजी यांनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणला, तेव्हापासून ख्रिस्ती घरांत बन्यनचे नाव चालत आले आहे. परंतु त्याच्या आधी, १६६६ मध्ये, बेडफर्डच्या तुरुंगात असताना त्याने लिहिलेले आत्मचरित्र, ‘ग्रेस अबाउंडिंग टू द चीफ ऑफ सिनर्स’, आमच्याकडे फारसे वाचले जात नाही. पाप्यांतील प्रमुखावर विपुल झालेली कृपा, असा त्या नावाचा अर्थ. पुस्तक लहान आहे आणि त्याचा मोठा भाग एसावाने व्यापला आहे.

हकीकत थोडक्यात अशी. भांड्यांना डाग देऊन पोट भरणारा हा तरुण नुकता कोठे विश्वासात स्थिरावत होता, तोच ‘ख्रिस्ताला विकून टाक’ असा एक विचार त्याच्या मनाशी झोंबू लागला. जेवताना, काम करताना, प्रार्थना करताना तोच विचार. वर्षभर तो त्याच्याशी झगडला. शेवटी एके दिवशी सकाळी, थकून गेल्यावर, ‘जायचे तर जावो’ असे काहीतरी त्याच्या मनात उमटले आणि आपल्या अंतःकरणाने त्याला रुकार दिला असे त्याला भासले. त्याच क्षणी एसावाचे ते वचन त्याच्यावर येऊन आदळले, आणि पुढे दीर्घ काळ ते उठले नाही. दावीद, पेत्र, यहूदा या साऱ्यांच्या पापांशी त्याने आपले पाप ताडून पाहिले. त्यातच त्याच्या हाती फ्रान्सेस्को स्पिएराची कथा आली. हा इटालियन वकील व्हेनिस येथे धर्मन्यायासनापुढे आपली सुधारणावादी मते सोडून आला आणि आपण टाकलेलो आहोत या निराशेत १५४८ साली मेला. बन्यन म्हणतो त्याचा आशय असा की ते पुस्तक म्हणजे ताज्या जखमेवर चोळलेले मीठ होते. ‘यात्रिकक्रमणा’त अर्थबोधकाच्या घरी लोखंडी पिंजऱ्यात बसलेला जो मनुष्य यात्रेकरूला दाखवला जातो, त्याच्या मागे हा स्पिएरा उभा असावा असे अनेक अभ्यासक मानतात. आम्हांस तर तेथे स्पिएराइतकाच स्वतः बन्यनही दिसतो.

आत्मचरित्रातील सर्वांत थोर भाग म्हणजे तराजूचा. प्रभूची कृपा पुरेशी आहे हे पौलाला मिळालेले अभिवचन एका पारड्यात आणि एसावाने विकलेले ज्येष्ठत्व दुसऱ्या पारड्यात. कधी हे वर, कधी ते. ही दोन्ही वचने एकाच वेळी आपल्या मनावर यावीत आणि कोणते टिकते ते कळावे, अशी त्याने देवाकडे याचना केली. आणि तसे झाले तेव्हा एसावाचे वचन क्षीण होत गेले आणि कृपेचे राहिले. आत्म्याच्या इतिहासात अशी पाने फार थोडी आहेत. बन्यनने येथे काहीही सजवलेले नाही, आणि म्हणूनच ते वाचताना धाप लागते.

पण यानंतर तो जे करतो, तेथे आमचा त्याच्याशी मतभेद आहे. धीर आल्यावर तो त्या भयंकर वचनांकडे परत गेला आणि त्यांचा अर्थ लावू लागला. एसावाचे कृत्य हा ओझरता विचार नव्हता, त्याने समजून-उमजून संमती दिली आणि तसे केलेही; माझे पडणे तसे नव्हते, असा त्याचा निष्कर्ष. शिवाय ज्येष्ठत्व म्हणजे नवा जन्म व आशीर्वाद म्हणजे सार्वकालिक वतन, असे रूपक लावून त्याने एसावाला शेवटच्या दिवशी दारावर थाप मारणाऱ्यांच्या रांगेत नेऊन उभे केले. बन्यनची सुटका झाली याचा आम्हांस आनंद आहे. परंतु ही सुटका केवळ त्याच्यापुरती आहे. ‘मी एसाव नाही’ हे सिद्ध करून तो बाहेर आला, आणि जो खरोखरच एसाव आहे, ज्याने विचार करून, किंमत ठरवून, हात पुढे करून विकले, त्याच्यासाठी पिंजऱ्याचे दार तसेच बंद राहिले. मंडळीत आमच्याकडे येणारी माणसे बहुधा या दुसऱ्या प्रकारची असतात. ओझरत्या विचाराने छळलेला एखादाच; नोकरीसाठी, सोयरिकीसाठी, जमिनीच्या वादात भावाला हरवण्यासाठी जाणूनबुजून काही सोडून दिलेले अनेक. त्यांना बन्यनचे भाष्य काय देणार? कृपेने त्याला उचलले ते त्याच्या भाष्याच्या आधी, ही गोष्ट त्याच्या स्वतःच्या वृत्तांतातूनच उघड होते.

तेव्हा वचनाकडेच जावे लागते. मूळ ग्रीक वाक्यात एसावाने अश्रू ढाळून ‘तिला’ शोधले असे स्त्रीलिंगी सर्वनाम आहे. पश्चात्तापाचा ‘वाव’ हा शब्द तेथे पुल्लिंगी असल्याने तो बाजूला पडतो. उरतात दोन: ‘मेतानोइया’, म्हणजे पश्चात्ताप, आणि ‘युलोगिया’, म्हणजे आशीर्वाद. दोन्ही स्त्रीलिंगी. लूथरने हे सर्वनाम पश्चात्तापाकडे नेले आणि १५२२ च्या नव्या करारातील आपल्या प्रस्तावनेत इब्रीपत्राच्या सहाव्या, दहाव्या व बाराव्या अध्यायांना एक अवघड गाठ म्हटले. ही गाठ शुभवर्तमानांशी व पौलाच्या पत्रांशी जुळत नाही असे त्यास वाटले. लूथरचे मन आम्हांस समजते. तरीही सर्वनाम आशीर्वादाकडे नेणे अधिक सरळ आहे असे आमचे मत आहे, कारण पत्रलेखकाच्या डोळ्यांपुढे उत्पत्तीचा सत्ताविसावा अध्याय आहे आणि तेथे एसाव कशासाठी रडतो याविषयी संदिग्धता मुळीच नाही. तो आशीर्वादासाठी रडतो. काही भाष्यकार ‘मेतानोइया’चा अर्थ येथे इसहाकाचे मन वळणे असा घेतात, तोही अशक्य नाही. पण तिन्ही अर्थांच्या मुळाशी असलेली कथा एकच आहे, आणि ती कथा पाहिली की व्याकरणाचा वाद बराचसा निवतो.

पंचविसाव्या अध्यायात एसाव शिकारीहून येतो आणि त्या अन्नाचे नावही न घेता ‘तांबडे’ हा एकच हिब्रू शब्द घाईने दोनदा उच्चारतो. शपथ घेतो, विकतो. मग चार क्रियापदे एकामागून एक येतात: खाल्ले, प्याला, उठला, चालता झाला. आणि पाचवे निवेदकाचे: त्याने तुच्छ मानले. सत्ताविसाव्या अध्यायात तो मोठ्याने आक्रोश करतो. पण त्या आक्रोशात या पाचव्या क्रियापदाचा कोठे उल्लेख नाही. उलट, याकोबाने आधी माझे ज्येष्ठत्व नेले, अशी तक्रार तो करतो. शपथपूर्वक विकलेली वस्तू आता चोरीला गेलेली आहे! हिब्रूत ‘बखोरा’ आणि ‘बराखा’, ज्येष्ठत्व आणि आशीर्वाद, हे शब्द अक्षरांची अदलाबदल व्हावी इतके जवळ आहेत, आणि एसावाच्या तोंडी निवेदकाने ते मुद्दाम शेजारी आणून ठेवले आहेत. एकाशिवाय दुसरे मिळावे, ही त्याची मागणी. रडणे संपते न संपते तोच एकेचाळिसाव्या वचनात तो भावाला ठार मारण्याचा बेत करतो. अश्रू खरे होते, यात शंका नाही. त्यांना जे हवे होते ते फळ होते. जे तुच्छ मानले त्याच्याकडे वळणे त्यांना नको होते.

येथे आमच्या भाषेने एक अडचण उभी केली आहे, आणि ती ग्रीक-इंग्रजी भाष्यांत कोठेच सापडणार नाही. ‘मेतानोइया’साठी आम्ही ‘पश्चात्ताप’ हा शब्द रूढ केला. पश्चात् आणि ताप: मागाहून होणारा दाह. मूळ ग्रीक शब्दात दाह नाही, मनाचे पालटणे आहे; त्याच्या मागे उभ्या असलेल्या हिब्रू क्रियापदात परत फिरणे आहे. शिवाय वारकरी संतांनी अनुतापाला फार मोठे स्थान दिले असल्यामुळे मराठी मनाला डोळ्यांतील पाणी हीच अंतःकरण पालटल्याची खूण वाटते. ही श्रद्धा आम्ही हलकी लेखत नाही. पण त्या संस्कारातला श्रोता जेव्हा ऐकतो की एसावाचे अश्रू नाकारले गेले, तेव्हा तो दुसरे काय समजणार? देवाने पश्चात्तापच नाकारला, असेच. मत्तयाने यहूदा इस्कर्योताविषयी ‘मेतानोइया’शी संबंधित शब्द टाळून दुसरा शब्द वापरला, ज्याचा अर्थ नुसते हळहळणे, पस्तावणे, आणि पौल २ करिंथच्या सातव्या अध्यायात देवाला अनुसरून होणारे दुःख व जगाचे दुःख यांत भेद करतो, तो याच दोन शब्दकुळांशी खेळत. शब्द बदलावा असे आमचे म्हणणे नाही. तो आता आमच्या प्रार्थनांत मुरला आहे. परंतु एसावावर बोलणाऱ्या उपदेशकाने ताप आणि परतणे यांतला फरक दोन वाक्यांत तरी सांगितला पाहिजे.

मग गमावलेले काही परत मिळतच नाही, ही शिकवण खोटी का? नाही. आणि येथे आम्हांस दुसऱ्या टोकाच्या, अलीकडे अधिक लोकप्रिय झालेल्या प्रवचनाविषयीही बोलणे भाग आहे. त्यात योएलाच्या दुसऱ्या अध्यायातील टोळांनी खाल्लेल्या वर्षांचे वचन घेऊन, विश्वास ठेवा म्हणजे सर्व जसेच्या तसे मिळेल, असे आश्वासन वाटले जाते. योएल वर्षे परत येतील असे म्हणत नाही. तो त्यांच्या भरपाईविषयी बोलतो, आणि तीही उपास व विलाप करून परतलेल्या संपूर्ण प्रजेसाठी, खळ्यांच्या व कुंडांच्या भाषेत. मोशेचे उदाहरण याहून कठोर आहे. कनान देशात जाऊ द्यावे म्हणून त्याने विनवणी केली. आता पुरे, या गोष्टीविषयी पुन्हा बोलू नको, असे उत्तर त्याला मिळाल्याचे अनुवादाचा तिसरा अध्याय सांगतो. तो देश त्याला दिसला, मिळाला नाही. पण म्हणून तो टाकलेला होता काय? त्याच मोशेला शिष्य रूपांतराच्या डोंगरावर प्रभूशी बोलताना पाहतात. दावीदाला क्षमा मिळाली आणि मूल गेले. नाथानाने ही दोन्ही वाक्ये एकाच भेटीत उच्चारली. परिणाम परत घेतला जात नाही आणि माणूस परत घेतला जातो. एसावावरील प्रवचन पहिल्याला दुसऱ्याचे खंडन करायला लावते, योएलावरील प्रवचन दुसऱ्याला पहिल्याचे.

इब्रीपत्राचे वाचक अशा प्रश्नांशी केवळ पुस्तकातून झगडत नव्हते. त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, काहींनी एकत्र येणे सोडले होते. ‘पश्चात्तापाचा वाव’ या शब्दांनाही तेव्हा एक विचित्र व्यावहारिक अर्थ होता. बिथुनियाचा सुभेदार प्लिनी सुमारे ११२ साली सम्राट ट्राजानला ख्रिस्ती लोकांविषयी लिहितो, त्या पत्राच्या अखेरीस लॅटिनमध्ये हीच शब्दयोजना येते: पश्चात्तापाला वाव दिला तर पुष्कळ लोक सुधारतील. म्हणजे सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप व द्राक्षारस अर्पून ख्रिस्ताला शाप देतील आणि सुटतील. वरणाचा वाडगा सरकारच पुढे करीत होते.

डेसियस बादशहाच्या छळात हा वाडगा कागदाचा झाला. २५० साली देवतांना बलिदान केल्याचा दाखला प्रत्येकाने बाळगावा असे ठरले. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. कित्येक ख्रिस्ती लोकांनी बलिदान न करता पैसे देऊन दाखला तेवढा मिळवला. छळ ओसरल्यावर त्यांचे काय करावे, यावर मंडळी दुभंगली. रोम येथे नोव्हेशियनने पतितांना परत घेण्यास नकार दिला, आणि पुढे त्याच्या पंथाने इब्रीपत्राचा सहावा अध्याय आपल्या बाजूने उभा केला. कार्थेजचा सिप्रियन सौम्य माणूस नव्हता, आणि पतितांवरील त्याचा ग्रंथ वाचताना अंग शहारते. पण २५१ च्या कार्थेज येथील सभेत त्याने व इतर अध्यक्षांनी दाखला घेणारे आणि प्रत्यक्ष बलिदान करणारे यांत फरक केला, प्रत्येकाची हकीकत स्वतंत्र ऐकण्याचे ठरवले, आणि दार बंद केले नाही.

दाखल्याचा हा प्रश्न आमच्या वाचकांस ओळखीचा वाटेल. १९५० च्या संविधान (अनुसूचित जाती) आदेशाने त्या जातींच्या सवलती हिंदू धर्म मानणाऱ्यांपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात समाविष्ट झाले, ख्रिस्ती झाले नाहीत. परिणामी कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, अशी कुटुंबे आमच्यात आहेत, आणि एसावावरील प्रवचनाचा रोख पुष्कळदा त्यांच्याकडे असतो. त्यांच्यापैकी काही जण प्रभुभोजनाच्या वेळी मागच्या बाकावर बसून राहतात. सत्य लपवणे योग्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. ख्रिस्ताचे नाव लपवण्यात खरोखरच काहीतरी हरवते, हे त्या घरांतील वडीलधाऱ्यांना कोणी सांगावे लागत नाही. पण तुलना तरी न्यायाची असावी. एसाव एका संपन्न घरात परतत होता आणि त्याची भूक एका दुपारची होती. मुलीच्या शिक्षणाची फी त्या एका कागदावर अवलंबून असणे ही वेगळी भूक आहे. शिवाय त्या कथेत आणखी एक जण आहे, ज्याच्यावर आम्ही प्रवचन करीत नाही: भुकेल्या भावाला वाढण्याआधी त्याच्याकडून शपथ घेणारा याकोब. ज्या मंडळीने त्या मुलीची फी भरण्याचा विचारही केला नाही, तिच्या व्यासपीठावरून एसावाचे नाव उच्चारले जाते तेव्हा याकोबाची जागा कोण घेतो?

पत्राचा रोखही याच दिशेला आहे. एसावाचा उल्लेख ज्या वाक्यात येतो ते सोळाव्या वचनात सुरू होत नाही. ते आधीपासून चालत आले आहे: गळालेले हात सावरा, लंगड्या पायाला वाट सरळ करा, कोणी देवाच्या कृपेला उणा पडू नये म्हणून लक्ष ठेवा. ‘लक्ष ठेवा’ येथे जे क्रियापद आहे त्याच धातूपासून ‘अध्यक्ष’ या अर्थाचा ग्रीक शब्द आला. एसावाचे वचन पहारेकऱ्यांना सांगितलेले आहे, वाडगा रिता होण्याच्या आधी. ज्याने खाऊन टाकले त्याच्या कपाळी ठोकण्यासाठी ते लिहिलेले नाही. आणि अनेक छापील आवृत्त्यांत अठराव्या वचनापूर्वी जे उपशीर्षक येते, त्यामुळे पुढचा दुवा तुटतो. तेविसाव्या वचनात लेखक आपल्या वाचकांना सांगतो की ते ज्येष्ठांच्या मंडळीपाशी आले आहेत. सोळाव्या वचनातील ज्येष्ठत्वाशी सख्खे नाते असलेला तो शब्द, तोही अनेकवचनी. एका घरात अनेक ज्येष्ठ पुत्र! पहिल्या अध्यायात जो एकटाच ज्येष्ठ म्हणून जगात आणला गेला, त्याच्यामुळे येथे सर्वांची नावे त्या यादीत आहेत. तेव्हा एसावावर प्रवचन करणाऱ्याने पाठ बाराव्या वचनापासून चोविसाव्यापर्यंत वाचावा. याच लेखकाने एकच अध्याय आधी, अकराव्याच्या विसाव्या वचनात, इसहाकाने विश्वासाने याकोब व एसाव या दोघांनाही आशीर्वाद दिला असे म्हटले आहे, तेही नजरेआड करू नये.

उत्पत्तीत एसाव दोनदा रडतो. दुसरे रडणे तेहेतिसाव्या अध्यायात आहे आणि त्यावर प्रवचन क्वचितच होते. लंगडत, सात वेळा भूमीपर्यंत लवत याकोब येतो. एसाव धावतो, त्याला मिठी मारतो, त्याच्या गळ्यात पडतो, चुंबन घेतो, आणि दोघेही रडतात. लूकाने धावणाऱ्या पित्याचे जे वर्णन केले आहे ते जवळजवळ याच वाक्याच्या वळणाने जाते. या अश्रूंत एसाव काहीच मागत नाही. माझ्यापाशी पुष्कळ आहे, असे म्हणून तो कळपही परत करू पाहतो. तेव्हा याकोब त्याला आग्रह करतो आणि जे घे म्हणतो त्यासाठी पुष्कळ भाषांतरांत ‘भेट’ हा शब्द आहे. हिब्रूत तेथे ‘बराखा’ आहे, सत्ताविसाव्या अध्यायात ज्यासाठी इतका आक्रोश झाला तोच शब्द. त्याने फार आग्रह केला, आणि एसावाने ती घेतली.